सरांची खोड

सरांना घरात काहीही चालायचं. चहा गार झाला तरी चालायचा, छत्री हरवली तरी चालायची. लेकीने लहानपणी त्यांच्या लाल पेनने भिंतीवर घोडा काढला, तेव्हा "शेपूट जरा आखूड झालंय" एवढंच म्हणाले होते. पण कोणी इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारला की संपलं. पाठ ताठ व्हायची, डाव्या हाताचं बोट वर जायचं (उजव्या हातात कायम पेन, म्हणून डावं), आणि समोर कोण आहे, प्रसंग काय आहे, याचं या माणसाला काही म्हणजे काही भान राहायचं नाही. भाजीवाल्याला 'व्हेजिटेबल'वरून अडवलं, पोस्टमनला 'वेडनेसडे'वरून. एकदा स्वतःच्या अंगात चांगला एकशे तीन ताप, तोंडात थर्मामीटर, आणि डॉक्टर सहज बोलून गेले की सर, तुमचं प्रोनाऊन्सिएशन ऐकत राहावंसं वाटतं. झालं. बोट वर. थर्मामीटर काढून सरांनी डॉक्टरांना तो शब्द तीनदा म्हणायला लावला आणि मगच थर्मामीटर परत तोंडात ठेवला.

चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं की माणसाचं असं होतं, असं लोक म्हणायचे. टेलरबाई तसं म्हणायच्या नाहीत. टेलरबाई म्हणजे सरांची बायको. पुढच्या खोलीत मशीन टाकून अख्ख्या गल्लीचे शर्ट, फ्रॉक, गणवेश आणि कोट शिवायच्या, म्हणून सगळ्यांच्या टेलरबाई. त्या म्हणायच्या, "शाळेचा बिचारीचा काय दोष? जित्याची खोड आहे ती, मेल्याशिवाय जायची नाही." दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, आणि सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण वाक्य मराठीत होतं आणि त्यात चूक नव्हती.

घर म्हणजे एका रांगेतल्या तीन खोल्या. पुढे दुकान: खिडकीशी मशीन, मध्ये कापडं कापायचं मोठं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा आणि एक लांब आरसा. मधल्या खोलीत सर आणि सरांच्या वह्या. मधल्या दाराला कडी नव्हती, आणि सरांच्या कानाला तर मुळीच नव्हती.

आता टेलरबाईंची कामाची एक पद्धत होती. कपडा कच्च्या टाक्यांवर उभा राहिला की गिऱ्हाइकाला तो घालायला लावायच्या. मग हात वर करा, पुढे वाका, खुर्चीत बसा, उठा, आणि दर वेळी एकच प्रश्न: "कम्फर्टेबल?" हा शब्द त्यांनी शिवणाच्या क्लासमधून आणला होता आणि त्यांना तो फार आवडायचा. कसा ऐसपैस, पाय पसरून बसलेला शब्द आहे, असं त्यांना वाटायचं. गिऱ्हाइकाने "हो" म्हटल्याशिवाय पक्की शिलाई घालायची नाही, हा त्यांचा नियम होता.

अकरा वर्षांपूर्वी बँकेतल्या बाईंच्या कोटाची ट्रायल चालली होती. बाकावर आणखी दोघीजणी वाट बघत बसल्या होत्या. टेलरबाईंच्या ओठांत तीन टाचण्या. त्यांनी तशाच तोंडाने विचारलं, "कम्फर्टेबल?"

"त्यात टेबल नाही," मधल्या खोलीतून आवाज आला. आणि आवाजामागून सर आले, बोट वर करून. "किती वर्षं ऐकतोय मी. कम्फ्टबल. टेबल कुठून आणलंस मध्येच? म्हण बघू."

बाकावरच्या दोघी हसल्या. बँकेतल्या बाईही हसल्या. वाईट कोणीच हसलं नाही, तसं बघायला गेलं तर हसण्यासारखंच होतं. टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढल्या, टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या आणि म्हणाल्या, "कम्फ्टबल."

"शाब्बास," सर म्हणाले आणि आत गेले.

शाब्बास. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला, तिच्याच दुकानात, तिच्याच गिऱ्हाइकांसमोर. त्या दिवशी टेलरबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळीही नाही. त्यांनी फक्त तो शब्द टाकून दिला. दुसऱ्या दिवसापासून ट्रायलला "नीट बसतंय ना?" सुरू झालं, आणि तो एकच शब्द नाही, सरांच्या कानावर जाईल असा कुठलाही इंग्रजी शब्द त्या जमेल तिथे गिळायला लागल्या. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, भांडण मिटतं तरी. हे आत जाऊन बसलं. सरांच्या ते गावीही नव्हतं, निदान टेलरबाईंची तरी तशी खात्री होती.

आणि मग या वर्षी एका सकाळी सर दात घासता घासता बेसिनपाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवी बाजू लुळी पडली. महिन्याभरात काठी टेकत चालायला लागले, डाव्या हाताने चमचा धरायला शिकले, पेपर वाचून मान हलवायला लागले. समजत सगळं होतं. पण तोंडातून शब्द नाही. एकसुद्धा नाही. नुसता ओठांचा चाळा व्हायचा, मग कपाळावर घाम, आणि मग सर खिडकीकडे तोंड फिरवायचे.

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत बोलण्याचे व्यायाम घेणारा एक हॉल होता. आठवड्यातून दोनदा लेक सकाळची सुट्टी टाकून दोघांना तिथे न्यायची. व्यायाम घेणारी मुलगी तिशीची, शांत आणि भारी चिकाटीची. टेलरबाईंनी तिचं नाव पहिल्याच दिवशी बोलताई ठेवलं. बोलताई सरांसमोर चित्रांची कार्डं धरायची. पेला. बूट. टेबल. सर बघायचे, ओळखायचे, आणि ओठ नुसते हलायचे.

"शब्द गेलेले नाहीत," बोलताई म्हणायची. "आत आहेत. वाट बुजलीय. आणि आधी मोकळी होते ती रोजची पायवाट. माणूस जे हजारदा बोललाय, विचार न करता बोललाय, ते पहिलं येतं. कोणाला आकडे येतात, कोणाला गाणं, कोणाला शिव्या. सर सारखं काय म्हणायचे?"

सर शिव्या देत नसत, हे घराला पहिल्यांदाच नडलं. लेकीने हजेरी घेऊन पाहिली, रोल नंबर एक, रोल नंबर दोन. "खाली बसा, वह्या काढा" म्हणून पाहिलं. एक ते दहा आकडे, वार, महिने. सर मन लावून ऐकायचे आणि गप्प राहायचे. बोलताईने घरच्यांना सांगितलं होतं की त्यांच्याशी सावकाश बोला, स्पष्ट बोला, शुद्ध बोला, आणि त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. लेक बापाच्या तालमीत वाढलेली. तिने हे इतकं मनावर घेतलं की घरात कधी नव्हे एवढं शुद्ध इंग्रजी सुरू झालं. जुने विद्यार्थी भेटायला यायचे, तेही सरांसमोर शब्द जपून टाकायचे. अहो, भाजीवाला दारात उभा राहून चक्क 'व्हेजटबल' म्हणाला. सगळा मामला बिनचूक. आणि टेलरबाई? त्या कमीच बोलायच्या. अकरा वर्षांची सवय.

रुग्णालयाने दिलेले आठ आठवडे संपत आले. शेवटची बैठक गुरुवारी होती, आणि बोलताईने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: एखादा जरी शब्द आला तरी मी आणखी आठ आठवड्यांसाठी भांडू शकते. नाहीतर ही जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, सरांना महिन्यातून एकदा यायचं आणि रोजच्यासाठी चित्रांची पाटी वापरायची. पाटी तिने सवय व्हावी म्हणून घरी दिली होती. पेला, पलंग, संडास, हसरा चेहरा, रडका चेहरा. बोट ठेवायचं आणि दाखवायचं. लेकीने ती सरांसमोर ठेवली, तेव्हा सरांनी ती डाव्या हाताने पालथी घातली आणि डोळे मिटून घेतले. चौतीस वर्षं बोलून जगलेला माणूस, त्याने आता संडासाच्या चित्रावर बोट ठेवायचं. टेलरबाई उठून मशीनवर जाऊन बसल्या आणि दोरा नसलेलं मशीनच चालवत राहिल्या.

बुधवारी त्यांनी ठरवलं, काही होवो, उद्या माणूस नीटनेटका जाईल. सरांचे सगळे शर्ट अंगावर लोंबायला लागले होते आणि एका हाताने बटणं लावणं जमत नव्हतं. टेलरबाईंनी नवा शर्ट बेतला: आतून नुसती दाबून लागणारी टिचबटणं, आणि वरून दाखवायला खरी बटणं नुसती शिवलेली. म्हणजे सरांना स्वतः लावता येईल आणि कोणाला कळणारही नाही. फक्त माप घ्यायला हवं होतं. तीस वर्षांत नवऱ्याचं माप घ्यायची वेळ आली नव्हती, ते डोक्यात होतं. गळा साडेपंधरा, छाती चाळीस. सकाळी टेप लावला तर छाती सदतीस भरली. तीन इंच माणूस कुठे गेला, असं त्यांच्या मनात आलं. पुन्हा टेप लावला. सदतीसच.

दुपारी शर्ट कच्च्या टाक्यांवर उभा राहिला. लेक ऑफिसात होती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. खिडकीत रेडिओ बारीक आवाजात चालू होता. सर आरशासमोर, डावा हात कापायच्या टेबलावर टेकून उभे होते, आणि टेलरबाई मागे उजव्या खांद्याचा उतार टाचत होत्या. रेडिओवर गादीची जाहिरात लागली. आमच्या गाद्या म्हणजे अतिशय मऊ, अतिशय कम्फर्टेबल.

सरांचं डावं बोट टेबलावरून उचललं गेलं. इंचभर. आणि परत खाली बसलं.

टेलरबाईंनी ते आरशात पाहिलं. हातातली टाचणी हातातच राहिली. एवढ्या दिवसांत कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? सर सारखं काय म्हणायचे, म्हणे. हजेरी नाही, आकडे नाहीत. हा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढत आला, आणि आपण सगळे मिळून त्याच्यासमोर बिनचूक बोलत बसलोय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मी रोज म्हणायचे. अगं, मग जिता आहे ना हा माणूस? समोर उभा आहे की. म्हणजे खोडही असणारच कुठेतरी.

त्यांनी रेडिओ बंद केला. तोंडातल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या. आता फक्त तो शब्द म्हणायचा होता, आणि तोच घशात अडकला. हसाल, पण खरं आहे. साठी उलटलेली बाई, समोर आजारी नवरा, दुकानात चिटपाखरू नाही, आणि एक शब्द तोंडातून निघेना. अकरा वर्षांपूर्वीचं ते हसू अजून त्या बाकावर बसलेलं होतं. टेलरबाईंनी बाकाकडे पाठ केली.

"हात वर करा," त्या म्हणाल्या. सरांचा डावा हात वर गेला, उजवा अर्ध्यात थांबला. "कम्फर्टेबल?"

सरांची पाठ ताठ झाली. डाव्या हाताचं बोट वेगळं झालं. ओठ हलले, पण आवाज नाही.

"कम्फर्टेबल आहे ना?" टेलरबाईंनी पुन्हा विचारलं. सरांच्या कपाळावर घाम आला. एरवी इथेच ते खिडकीकडे तोंड फिरवायचे. आज फिरवलं नाही, आज ते बायकोकडे डोळे वटारून बघत होते. टेलरबाईंना दया आली, पण ती त्यांनी तिथल्या तिथे दाबून टाकली. "कम्फर्ट, टेबल," त्या सुटं सुटं करून म्हणाल्या. "कम्फर्टचं टेबल. चांगलं चार पायांचं."

"टे," सर म्हणाले.

पुढचा शब्द टेलरबाईंच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी दातांनी धरून ठेवला. पुरा करू नका, बोलताईने सांगितलं होतं.

"टे... बल," सर म्हणाले. चेहरा लालबुंद झाला होता. "टेबल. ना. नाही."

आवाज जाडाभरडा, गंजलेला होता, पण सरांचाच होता. टेलरबाई बाकावर बसल्या, बसल्या कसल्या, कोसळल्याच, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. सर तसेच उभे होते, अंगावर कच्च्या टाक्यांचा शर्ट, आणि बायकोकडे बघून पुन्हा एकदा, चांगल्या रागाने म्हणाले, "नाही."

संध्याकाळी लेक आली. टेलरबाईंनी तिला सगळं सांगितलं. लेकीने बापासमोर बसून दहादा विचारलं, पण सर दमून गेले होते, त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. लेक आईच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आई, आपल्याला फार वाटत असलं ना, की ऐकू येतं तसं." टेलरबाईंनी शर्टाला पक्की शिलाई घालायला घेतली.

गुरुवारी हॉल भरलेला होता. पाच टेबलांवर पाच पेशंट, त्यांची घरची माणसं, आणि भिंतीशी वह्या घेतलेली तीन शिकाऊ मुलं. सरांनी नवा शर्ट घातला होता, टिचबटणं स्वतः लावली होती. बोलताईने कार्डं धरली. पेला. गप्प. बूट. गप्प. काल सर 'टेबल' म्हणाल्याचं टेलरबाईंनी तिच्या कानावर घातलं होतं, म्हणून टेबलाच्या कार्डाशी ती जरा जास्त वेळ थांबली, पण सर त्या चित्राकडे असे बघत राहिले की जणू ते त्यांच्या ओळखीचं नाही. वीस मिनिटं झाली. बोलताईने कार्डं गोळा करून रबर लावलं आणि फाइल उघडली.

"ताई, मला दोन मिनिटं द्याल का?" टेलरबाई म्हणाल्या.

"द्या ना," बोलताई म्हणाली.

"अहो, उठा जरा. शर्ट बघायचाय." सर काठी टेकून उठले, काठी लेकीने धरली. टेलरबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळा हॉल दिसला. शिकलेली माणसं, पांढरे कोट. घरी म्हणणं वेगळं आणि इथे म्हणणं वेगळं. म्हटलं आणि सर गप्प राहिले, तर शब्दही गेला आणि इभ्रतही गेली. पण न म्हणता घरी गेलो तर घरी ती पाटी आहे. टेलरबाईंनी आवाज चढवला, दुकानात पंखा आणि मशीन दोन्ही चालू असताना चढवायच्या तसा. "हात वर करा. आता सांगा. कम्फर्टेबल?"

भिंतीशी कोणीतरी फिसकन हसलं. लेकीचा चेहरा पडला. ती कुजबुजली, "आई, अगं कम्फ्ट..."

"तू मध्ये पडू नकोस," टेलरबाई म्हणाल्या. "कम्फर्टेबल वाटतंय का, एवढंच विचारतेय मी यांना. कम्फर्टेबल."

बोट वर गेलं. या वेळी पूर्ण वर, थर्मामीटरच्या वेळी गेलं होतं तेवढं.

"टेबल," सर म्हणाले. हॉलमध्ये कोणाचा तरी पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. "टेबल नाही. त्यात. टेबल नाही." मग थांबले, ओठ आवळले, मान हलवली, पुन्हा सुरू केलं. "कम्. कम्फ. कम्फ्टबल." आणि बायकोच्या नाकासमोर बोट नाचवून म्हणाले, "म्हण."

टेलरबाईंना म्हणवेना.

"म्हण," सर पुन्हा म्हणाले, वर्गात मागच्या बाकाला म्हणायचे तसं.

"कम्फ्टबल," टेलरबाई म्हणाल्या.

"शाब्बास," सर म्हणाले.

तोच शब्द, तोच आवाज, आणि चार माणसांत. अकरा वर्षं टेलरबाईंना तो शब्द टाचणीसारखा टोचत होता. आज त्यांना वाटलं, या माणसाने आपल्याला दिवसभर इथे उभं करून अख्ख्या गावासमोर शाब्बास म्हणावं. लेक बापाच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. बोलताईने फाइलमध्ये भराभर लिहिलं, लिहिता लिहिता एकदा डोळे पुसले, आणि विचारलं, "काकू, असे आणखी किती शब्द चुकीचे येतात तुम्हाला?"

"हवे तेवढे," टेलरबाई म्हणाल्या.

आठ आठवडे मिळाले, मग आणखी आठ. बोलताईने जुना नियम मोडीत काढला आणि घरच्यांना नवा दिला: रोज तासभर चुका. लेकीला ते जड गेलं, बिचारीच्या तोंडून चूक निघता निघेना, तिला आई शिकवायची. गल्लीत बातमी फुटली, तशी माणसं हातातलं काम टाकून चुका करायला येऊ लागली. भाजीवाला तर इतक्या वर्षांचा वचपा काढायला बसला होता. रोज दारातून "व्हेजिटेबल" अशी आरोळी ठोकायचा आणि उत्तर आल्याशिवाय हलायचा नाही. पोस्टमन पत्र नसलं तरी बुधवारी यायचा. चुकांच्या मागून साधे शब्द आले. पाणी. नको. ऊन. मग एका सकाळी लेकीचं नाव. वाक्यं तुटकी होती, मधले शब्द गळायचे, सर दमून जायचे. पण पाटी परत गेली.

सरांची खुर्ची आता मधल्या खोलीत नसून पुढे दुकानात, कापायच्या टेबलाशी असायची. तिथे माणसं येतात, कानावर बोलणं पडतं. थंडीच्या तोंडावर बँकेतल्या बाई नवा कोट शिवायला आल्या. कच्चे टाके झाले, ट्रायलला उभ्या राहिल्या. टेलरबाईंनी हात वर करायला लावला, पुढे वाकायला लावलं आणि विचारलं, "नीट बसतंय ना?"

काठी जमिनीवर आपटली. टेलरबाईंनी वळून पाहिलं.

"ते," सर म्हणाले. "ते नाही. तुझं. तुझा शब्द. म्हण."

"माझा कुठला शब्द?"

सर शब्द शोधत राहिले. बराच वेळ लागला. "तू. टाकलास," ते म्हणाले. "मी. त्या दिवशी. कळलं मला. मग." आणि हाताने काहीतरी पुसल्यासारखं केलं, पुढचं सापडलं नाही.

म्हणजे या माणसाला माहीत होतं. अकरा वर्षं मधल्या खोलीत बसून हा "नीट बसतंय ना" ऐकत होता, आणि चूक आपली आहे हे याला कळत होतं. एवढ्या लोकांच्या चुका काढल्या, स्वतःची तेवढी तोंडातून काढता आली नाही. टेलरबाईंना राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही गिळून त्या बँकेतल्या बाईंकडे वळल्या.

"कम्फर्टेबल?" त्यांनी विचारलं, आणि सवयीने थांबल्या. आता येईल मागून. आलं नाही. बोट वर गेलं नाही, टेबल नाही, काही नाही. खोड गेली की काय? खोड कधी जाते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी झटकन मागे पाहिलं. सर खुर्चीत नीट बसले होते आणि त्यांच्याकडेच बघत होते.

"असू दे," सर म्हणाले. "टेबल. असू दे."

टेलरबाईंना समोरची टाचणी दिसेना. त्यांनी उगाचच खडू शोधला, सापडला तरी शोधत राहिल्या. आरशासमोर हात वर करून ताटकळलेल्या बँकेतल्या बाईंना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी खांदे हलवून पाहिले आणि खुशीत म्हणाल्या, "हो हो, एकदम कम्फर्टेबल."

सरांची पाठ ताठ झाली आणि बोट वर गेलं.

"त्यात टेबल नाही," ते बँकेतल्या बाईंना म्हणाले.